मालवणच्या रापणीची जागा नकाशावर आणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मालवणच्या पर्यटनाविषयी आपल्या दैनिकात अलीकडे बरेच लेखन आले आणि ते मी आवडीने वाचले. स्कूबा डायव्हिंग, तारकर्लीचा किनारा, किल्ल्यावर जाणाऱ्या होड्यांची गर्दी, घरगुती निवास-न्याहारीतून महिलांच्या हाती आलेले उत्पन्न, हे सगळे खरे आहे. मात्र या लेखनातून वाचकाचा असा समज होतो की मासेमारी ही मालवणची होऊन गेलेली गोष्ट आहे आणि शहराने आता दुसरा व्यवसाय धरला आहे. मी मालवणातल्या दांडीच्या एका रापणकर घरात, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, रापणीवर जगणाऱ्या घरात वाढलो. माझे वडील आणि चुलते रापणीला होते, भाऊ आजही नेमाने समुद्रावर जातो. म्हणून या समजाविषयी सविस्तर लिहिण्याची परवानगी मागतो.

राज्य मंत्रिमंडळाने २२ एप्रिल २०२५ रोजी मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. विजेचे दर, कर्ज, विमा या बाबतींत शेतकऱ्याला मिळणाऱ्या सवलती मच्छीमारालाही मिळाव्यात हा त्यामागचा हेतू आहे आणि तो स्वागतार्हच आहे. परंतु शेतकऱ्याकडे त्याच्या जमिनीचा सातबारा असतो. रापणकर ज्या वाळूवर उभा राहून जाळे ओढतो, त्या वाळूची नोंद त्याच्या नावे तर नाहीच, पण सामूहिक वहिवाट म्हणूनही ती ठळकपणे कुठल्या कागदावर आढळत नाही. मला जे मांडायचे आहे ते एवढ्यापुरतेच आहे. मालवणचा किनारा हे आधी कामाचे ठिकाण आहे, त्यानंतर ते पाहण्याचे ठिकाण झाले, आणि या कामाच्या जागेची सरकारी नकाशावर नोंद झाल्याशिवाय बाकीच्या सवलतींना फारसा अर्थ राहणार नाही.

मालवणचा इतिहास सांगताना आपण सिंधुदुर्गापासून सुरुवात करतो आणि ते योग्यच आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी पूजन होऊन कुरटे बेटावर किल्ल्याचे काम सुरू झाले आणि सुमारे तीन वर्षांत ते पुरे झाले. पण किल्ला एकटा उभा नव्हता, ही गोष्ट पर्यटकांना क्वचितच सांगितली जाते. शेजारच्या पद्मगडावर जहाजांची बांधणी आणि डागडुजी होत असे. उत्तरेला कोळंबच्या खाडीच्या मुखाशी सर्जेकोट उभारला गेला, कारण पावसाळ्यात उघड्या समुद्रात नौका ठेवता येत नाहीत आणि खाडीच्या तोंडाशी त्यांना आडोसा मिळतो. आजही वादळाची सूचना आली की आमच्या नौका त्याच सर्जेकोटकडे धाव घेतात, आणि मालवण परिसरातील यांत्रिक नौकांचे मुख्य बंदरही तेच आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्यांनी ही जागा निवडली, त्यांना हे पाणी ओळखणारी माणसे हाताशी होती. मराठ्यांच्या आरमारात तांडेल (नौकेचा प्रमुख) आणि खलाशी म्हणून जी माणसे गेली, त्यांत आमच्या गाबीत समाजाचा मोठा वाटा होता. खडकांमधून होडी कुठून काढायची, वारा कधी फिरणार, पाण्याचा रंग काय सांगतो, हे ज्ञान त्यांनी मासेमारीतूनच मिळवले होते.

पुढचा राजकीय इतिहास थोडक्यात सांगून पुढे जातो. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले आणि वर्षभरातच तो करवीरकरांना परत केला. १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले. त्यानंतर हे लढाऊ बंदर व्यापारी बंदर झाले. नारळ, काथ्या, खारवलेली आणि सुकवलेली मासळी येथून गलबतांनी मुंबईला जाऊ लागली. आगबोटींच्या काळात बोट खडकांमुळे दूर खोल पाण्यात नांगर टाकीत असे आणि उतारूंना होड्यांतून धक्क्यावर आणले जाई. त्याच आगबोटींनी मालवणचा तरुण गिरगाव, लालबाग आणि परळला नेला, आणि मग कित्येक घरांचा संसार एकीकडे मनिऑर्डरवर आणि दुसरीकडे बांगड्यावर चालला. आगबोट बंद झाली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. रेल्वे मालवणला न येता कणकवली-कुडाळवरून गेली आणि बंदराचा व्यापार संपला. मासळी तेवढी राहिली.

मालवणच्या मासेमारीचे वैशिष्ट्य समजण्यासाठी रापण समजून घ्यावी लागते. पावसाळा ओसरला की किनाऱ्यालगतच्या पाण्यात खालचे थंड, सकस पाणी वर आलेले असते, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांच्या मागे बांगडा, तारली, पेडवे यांचे थवे अगदी किनाऱ्याजवळ येतात. नारळी पौर्णिमेनंतर रापणीचा हंगाम सुरू होतो तो यामुळे. जाळ्याच्या दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी वल्ह्यांनी समुद्रात जाते. तांडेल उभा राहून पाण्यावर नजर ठेवतो, मागची माणसे जाळे सोडत जातात, आणि मोठा अर्धवर्तुळाकार फेरा घेऊन दुसरे टोक दूरवर किनाऱ्याला लावले जाते. मग दोन्ही बाजूंनी माणसे दोराला लागतात. पाय वाळूत रोवून, अंग मागे टाकून, एका लयीत ओढणे सुरू होते आणि दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकत येतात. जाळ्याचा मधला भाग गुडघाभर पाण्यात आला की पाणी उकळल्यासारखे दिसू लागते, आणि त्या वेळी कुणालाही कुणाला हाक मारावी लागत नाही. वाटेने जाणारा माणूस चपला काढून दोराला हात लावतो.

या पद्धतीचे अर्थकारण तिच्या वाटणीत आहे. रापण एका मालकाची नसते, ती संघाची असते. पूर्वी प्रत्येक घर आपल्या जाळ्याचा तुकडा आणीत असे, ते तुकडे जोडून मोठी रापण तयार होई आणि वाटा त्याप्रमाणे ठरे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, अंगमेहनतीचा वाटा असे हिशेब किनाऱ्यावरच, सर्वांसमोर होत. ज्या घरात कमावता पुरुष उरला नाही अशा घराकडेही मासळी जाई. दोराला हात लावणाऱ्याच्या हाती चार बांगडे पडल्याशिवाय राहत नसत. मासळी जास्त आली तर बायका ती खारवीत आणि सुकवीत, आणि त्याहूनही उरलेली तारली माडांच्या मुळाशी खत म्हणून जाई. म्हणजे बंदरावर जे उतरे त्यातले काही वाया जात नसे आणि त्याचा पैसा शेकडो घरांत विखुरला जाई. एखाद्या शहराची अर्थव्यवस्था किती उलाढालीची आहे याइतकेच ती उलाढाल किती घरांतून फिरते हेही पाहावे लागते, आणि या दुसऱ्या कसोटीवर रापणीला तोड नाही असे माझे मत आहे.

मग हे बिघडले कसे? यांत्रिकीकरणाला आमच्या वाडवडिलांनी विरोध केला आणि म्हणून ते मागे राहिले, असे काही जण लिहितात. ते अपुरे आहे. नायलॉनचे जाळे आणि होडीवरचे इंजिन आमच्याही लोकांनी आनंदाने घेतले. वाद झाला तो जाळे मागे ओढत जाणाऱ्या मोठ्या यांत्रिक नौकांमुळे, म्हणजे ट्रॉलरमुळे, आणि नंतर पर्ससीनमुळे. पर्ससीन जाळे थव्याला चहूबाजूंनी घेरते आणि खालून दोरीने पिशवीसारखे आवळले जाते. जो थवा किनाऱ्याकडे यायचा, तो वाटेतच संपूर्ण उचलला जातो. त्यात एलईडी दिव्यांची भर पडली. रात्री प्रखर प्रकाशाने मासळी एका जागी जमवून ती उपसण्याच्या या प्रकाराने लहान-मोठी, अंड्यांची, कोवळी असा भेदच उरला नाही. शिवाय परप्रांतीय हायस्पीड ट्रॉलर रात्री आमच्या पाण्यात घुसतात आणि न्हैयकरांची, म्हणजे पाण्यात जाळी पसरून मासे धरणाऱ्या लहान मच्छीमारांची, पसरलेली जाळी कापून नेतात. एका रात्रीत लाखमोलाचे जाळे गेले की लहान मच्छीमार त्या हंगामात पुन्हा उभा राहत नाही. या सगळ्यात केवळ बाहेरचेच दोषी आहेत असे मी म्हणणार नाही. कर्ज काढून पर्ससीनकडे वळलेले आपलेही लोक आहेत, आणि हप्ते डोक्यावर असल्याने त्यांना माघार घेणे सोपे नाही.

कायदा मात्र याविषयी गप्प नाही, हे मुद्दाम नमूद करतो. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. गोव्यात रापणकरांनी १९७० च्या दशकात ट्रॉलरविरुद्ध मोठे आंदोलन केले होते, आणि किनारी राज्यांनी असे कायदे करावेत असा आग्रह त्याच सुमारास देशभर वाढला होता. किनाऱ्यालगतचे पाणी लहान मच्छीमारासाठी राखावे, हाच या कायद्याचा गाभा. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने आदेश काढून पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच महिन्यांपुरती मर्यादित केली, जाळ्याचा आस (छिद्राचा आकार) किमान २५ मिलिमीटर ठरवला आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणण्याचे धोरण स्वीकारले. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली. २०२१ च्या दुरुस्तीने दंड इतका वाढवला की एलईडीसाठी तो ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत जाऊ शकतो, आणि कारवाईचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसायाच्या अधिकाऱ्यांकडे आले. २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवण्यात आला. आम्ही ज्याला सरंगा म्हणतो ते पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पकडता येत नाही. जानेवारी २०२५ पासून ड्रोनची नजरही आली.

इतके असूनही किनाऱ्यावर तक्रार तीच आहे. याचे एक कारण मला असे दिसते की आपण सगळा भर समुद्रात पाठलाग करण्यावर दिला आहे. सिंधुदुर्गाला १२१ किलोमीटरचा किनारा आहे. अंधारात, लाटांत, वेगवान ट्रॉलरच्या मागे एखादी गस्ती नौका किती धावणार? परंतु मासळी कुठेही पकडली तरी ती शेवटी कुठल्यातरी धक्क्यावरच उतरते. तेथे दिवसाउजेडी, कोणत्या नौकेने कोणती मासळी किती उतरवली, जाळे कोणते, मासळीचा आकार काय, याची नोंद ठेवणे समुद्रातील गस्तीपेक्षा कितीतरी सोपे आणि स्वस्त आहे. जानेवारीनंतर एखाद्या बंदरात टनांनी बांगडा उतरत असेल तर तो कोणत्या जाळ्यात सापडला हे विचारायला ड्रोन लागत नाही. हा नियम आमच्या रापणीलाही लागू व्हावा. रापणीच्या जाळ्यातही कधीकधी कोवळी मासळी येते, आणि त्याकडे डोळेझाक करून आम्हाला इतरांकडे बोट दाखवता येणार नाही.

मासळीचे दुर्भिक्ष केवळ जाळ्यांमुळे आहे असेही नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये महाराष्ट्रात २.०१ लाख टन मासळी मिळाली, आणि गेल्या ४५ वर्षांतील तो नीचांक होता. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर, ऐन दिवाळीत ‘क्यार’ वादळ आले आणि पाठोपाठ ‘महा’. हंगामाचे मोलाचे दिवस नौका बंदरातच राहिल्या. १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ने देवबाग, मालवण, तळाशील येथे घरांचे, जाळ्यांचे, होड्यांचे जे नुकसान केले ते आपल्या वार्ताहरांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. अशा वेळी पंचनाम्यात यांत्रिक नौका चटकन येते, कारण तिचा नोंदणी क्रमांक असतो. वाहून गेलेली सामाईक रापण, मोडलेला मांगर (खोपटे), वाळत घातलेली मासळी यांना कागदी आधार नसतो.

येथे मी पुन्हा नोंदीच्या मुद्द्यावर येतो. जानेवारी २०११ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत स्पष्ट म्हटले होते की गावपातळीच्या नकाशांवर मच्छीमारांच्या वस्त्या, त्यांच्या सामाईक जागा, धक्के, बर्फाचे कारखाने आणि मासळी सुकवण्याच्या जागा दाखवल्या पाहिजेत. रापण कुठेही लावता येत नाही. तळाशी खडक असला की जाळे फाटते, म्हणून वाळूचा तळ असलेले पट्टेच कामाला येतात, आणि मालवणसारख्या खडकाळ किनाऱ्यावर ते मोजके आहेत. कोणत्या पट्ट्यावर कोणत्या रापण संघाची पाळी, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी ठरलेले आहे. नेमक्या त्याच वाळूच्या पट्ट्यांवर आज जलक्रीडेच्या नौका, छत्र्या, खुर्च्या आणि दुकाने आली आहेत, कारण पोहायलाही तोच किनारा चांगला असतो. पाण्यात थवा दिसला तरी दोर ओढायला सरळ जागा मिळेना, असे प्रसंग हल्ली वारंवार येतात. त्यातून वाद होतो आणि वाद होतो तोही एकाच वाडीतल्या, कधी एकाच घरातल्या दोन भावांचा.

पर्यटनाविषयी माझ्या मनात कसलीही अढी नाही. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, त्यानंतर ज्यांनी पहिल्यांदा होडीतून पर्यटक फिरवले, पाण्याखालचे प्रवाळ दाखवले, ते बहुतांशी मच्छीमारांचेच मुलगे होते. मासळी हाती लागली नाही त्या वर्षी याच पैशाने अनेक घरांत शाळेची फी भरली गेली. परंतु जलक्रीडा आणि किल्ल्याची होडी वाहतूक पावसाळ्यात बंद असते आणि १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीही बंद असते. दोन्ही धंदे एकाच वेळी थांबणाऱ्या शहराने त्यातला एक धंदा सोडून दिला तर उरलेल्या दहा महिन्यांचा सगळा भार सुट्ट्यांच्या गर्दीवर पडेल. टाळेबंदीच्या काळात किनाऱ्यावर पर्यटक नव्हता, तेव्हा घरात काय शिजले हे आम्ही विसरलेलो नाही. शिवाय ‘मालवणी’ या नावावर दादरपासून पुण्यापर्यंत जी खानावळ चालते, तिची पत या बंदरातल्या ताज्या मासळीने तयार केली आहे. पर्यटक मालवणला येतो तो काही प्रमाणात त्या ताटासाठीच येतो.

संरक्षणाच्या नावाखाली मच्छीमाराला वगळण्याची चूकही पुन्हा होऊ नये. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले, सुमारे २९ चौरस किलोमीटरचे. किल्ल्याभोवतीचे प्रवाळ आणि तेथील जीवसृष्टी जपलीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण येथील मच्छीमारांचा त्याला दीर्घकाळ विरोध राहिला. ज्या पाण्यावर पोट आहे त्याच्या सीमा आपल्याला न विचारता आखल्या गेल्या, ही त्यामागची भावना होती. नव्या नकाशाच्या वेळी रापण संघांचे जुने तांडेल टेबलाच्या या बाजूला बसवले गेले, तर तीच माणसे उद्या त्या नकाशाची राखण करतील.

मासळी विकणाऱ्या बायकांविषयी फार कमी लिहिले जाते. नौका लागली की लिलावात उभे राहणे, पाटी डोक्यावर किंवा रिक्षात घालून बाजार गाठणे, उधारी सांभाळणे, उरलेली मासळी मीठ लावून वाळवणे, हे सर्व त्या करतात आणि घरातला रोख पैसा त्यांच्याच हातून फिरतो. गोवा, कोल्हापूर, बेळगावकडे मोठी मासळी थेट गाड्यांतून जाऊ लागल्यापासून त्यांच्या वाट्याला येणारा माल कमी झाला. मासळी सुकवण्याची जागा तर पार्किंगखाली जाऊ लागली आहे. ज्या वाळूवर माझी आजी बांगडे पसरीत असे, तेथे आज गाड्या उभ्या असतात. कृषीच्या दर्जाचा लाभ देताना ज्याच्या नावे नौका तोच मच्छीमार, एवढाच निकष लावला तर या बायका आणि रापणीला दोर ओढणारे बहुतेक लोक यादीबाहेर राहतील.

म्हणून माझी शासनाला आणि आमच्या लोकप्रतिनिधींना विनंती आहे की दांडी, चिवला, वायरी, देवबागपासून तळाशील-तोंडवळीपर्यंतच्या रापणीच्या पट्ट्यांचे आणि मासळी सुकवण्याच्या जागांचे मोजमाप रापण संघांना सोबत घेऊन करावे आणि ते किनारा व्यवस्थापनाच्या नकाशात दाखवावे. हंगामाच्या महिन्यांत सकाळच्या वेळी हे पट्टे मोकळे ठेवण्याची अट जलक्रीडेच्या परवान्यांतच घालावी. उरलेल्या दिवसभर तेथे पर्यटक खुशाल बसोत. रापण संघाची सामाईक मालमत्ता नुकसानभरपाईस आणि विम्यास पात्र धरावी. आणि प्रत्येक बंदरावरील मासळीची रोजची नोंद जाहीर व्हावी.

या शेवटच्या कामात आपले दैनिकही मदत करू शकेल. आंबा, काजू आणि नारळाचे दर आपण नियमाने छापता. सर्जेकोट आणि मालवण धक्क्यावर आदल्या दिवशी कोणती मासळी किती उतरली आणि लिलावात तिला काय दर मिळाला, यासाठी त्याच पानावर चार ओळींची जागा मिळावी. येथील मच्छीमार सोसायट्यांकडून हे आकडे रोज संध्याकाळपर्यंत आपल्याकडे पोहोचावेत यासाठी त्यांच्याशी बोलण्यास मी आणि माझे काही सहकारी तयार आहोत.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, दांडी, मालवण